कर्ता कुठाय?

वाघवळण नावाच्या एका गावात मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि त्यांचा फुटबॉलवर भारी राग होता. बाईंचं नाव शैलजा मुळीक. आता वाघवळण हे गाव असं, की तिथलं पोर आधी बॉलला लाथ मारायचं आणि मग आईला हाक मारायला शिकायचं. अशा गावात फुटबॉलवर राग धरायचा म्हणजे रोज स्वतःचंच डोकं तापवून घ्यायचं. बाई ते नेमाने तापवून घेत.

रागाला कारणही होतं. सातवीच्या वर्गाला बाईंनी निबंध घातला, ‘माझा आवडता ऋतू’. दुसऱ्या दिवशी एकतीस वह्या आल्या. एकतीस वह्यांत मिळून एकच वाक्य होतं: ‘माझा आवडता ऋतू उन्हाळा आहे कारण सुट्टी असते.’ तेही एकाने लिहिलेलं आणि तिसांनी उतरवलेलं. बाई त्या वह्या समोर घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात खिडकीतून बॉल आला आणि थेट शाईच्या दौतीवर पडला. वह्या लाल, टेबल लाल, बाईंची साडी लाल. बाईंनी बॉल उचलून कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण राग काही केल्या उतरेना. शाळा सुटल्यावर त्यांनी कपाट उघडलं, कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि बॉलला टोचलं. फुस्स आवाज झाला. बाईंना जरा बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. सकाळी पोरं बॉल मागायला आली, तेव्हा बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “बॉल फुटला.”

पोरं तो चपटा बॉल उलटसुलट करून बघत बाहेर पडली. हेडसरांकडून दुसरा जुना बॉल घेऊन खेळायला गेली.

त्याच आठवड्यात एकदा बाई मैदानाच्या कडेने घरी चालल्या होत्या. सातवीतल्या भागीचा पाय मुरगळला होता, म्हणून ती कट्ट्यावर बसून खेळाचं वर्णन करत होती. भागी म्हणजे भाग्यश्री लोहार, शाळेच्या संघातली सगळ्यात पुढे खेळणारी पोरगी, आणि वर्गात सगळ्यात मागे बसणारी. तिच्या निबंधाच्या वहीत उतरवलेल्या वाक्यापलीकडे काही नसे. ती भागी ओरडत होती, “इक्बालनं बॉल धरला, लोण्याच्या गोळ्यागत अलगद धरला! आता बघतोय, कुणाला देऊ? दिला! बॉल न्हाई दिला, जावयाला सुपारी दिली त्यानं!”

बाई जागच्या जागी थांबल्या. उपमा होती, प्रश्न होता, उद्गार होता, आणि एकही वाक्य कुणाचं उतरवलेलं नव्हतं. ‘भाषा तर पोरांच्या तोंडात भरून वाहतेय,’ त्यांच्या मनात आलं, ‘मीच भांडं चुकीच्या जागी धरलंय.’

दुसऱ्या दिवशी बाईंनी आवडता ऋतू फळ्यावरून पुसून टाकला. म्हणाल्या, “आजपासून निबंध बंद. मॅच खेळायची आणि मॅच लिहायची. दर मॅचची बातमी दूध डेअरीच्या बाहेरच्या फळ्यावर लागणार. गाव वाचणार.”

डेअरीवर पहाटेपासून सगळं गाव किटल्या घेऊन येतं. तिथल्या फळ्यावर आपलं अक्षर झळकणार म्हटल्यावर पोरं बाकावर उभीच राहिली.

पहिली बातमी गोलकीपर इक्बालने लिहिली. मॅच टेकवाडीला झाली होती आणि पोरं रात्री उशिरा परतून तशीच झोपली होती, त्यामुळे निकाल गावात कुणाला ठाऊक नव्हता. इक्बालने उत्साहाच्या भरात लिहिलं, ‘टेकवाडीने वाघवळणला तीन गोलने हरवले.’ पहाटे डेअरीवर सुतक पडलं. दूध मापणारे बापू खोत एके काळचे नावाजलेले खेळाडू. त्यांनी समोरचा चहा तसाच परत पाठवला. आठ वाजता इक्बाल दूध घालायला आला आणि म्हणाला, “आजोबा, आपणच जिंकलोय की!” ‘ने’ आणि ‘ला’ यांची फक्त जागा बदलली होती. बापूंनी त्याला डेअरीभर पळवला.

तेवढ्या एका चुकीने वर्ग जे शिकला, ते बाईंना वर्षभर ओरडूनही शिकवता आलं नव्हतं. कुणी मारलं, कुणाला दिलं, कशाने मारलं, कुठून मारलं, अशा सगळ्या विभक्त्या पोरं मैदानावर आखून घेऊ लागली. बाईंचा एकच नियम होता. ‘गोल झाला’, ‘पास चुकला’ असलं, करणाऱ्याचं नाव न सांगणारं वाक्य आलं, की त्या विचारत, “कर्ता कुठाय?” मग लिहावं लागे की पास इक्बालने चुकवला. पोरांना या प्रश्नाचं वेडच लागलं. घरी आई म्हणाली, दूध उतू गेलं, की कार्टी विचारणार, “कर्ता कुठाय?” दोघाचौघांनी त्यापायी पाठीत धपाटेही खाल्ले. पण वह्या भरू लागल्या. बाई शनिवारी पिशवीभर वह्या घरी नेत आणि वाचताना एकट्याच हसत. मैदानाच्या कडेला त्यांची एक ठरलेली जागा झाली, आणि ऑफसाइडवरून त्या हेडसरांशी वाद घालू लागल्या.

मग तालुक्याच्या ढालीचा अंतिम सामना आला. समोर टेकवाडी. ही ढाल वाघवळणला एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती. सामना एक-एकवर अडला होता. शेवटच्या मिनिटाला गोलसमोर घोळका झाला, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून भागी बॉलसकट जाळ्यात गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. हलगी कडाडली, गुलाल उडाला, बापूंनी भागीला खांद्यावर घेतलं. सगळं गाव नाचत होतं. खांद्यावरची भागी मात्र हसत नव्हती.

त्या दिवशीची बातमी भागीने लिहायची होती. संध्याकाळी रिकाम्या वर्गात ती वही घेऊन आली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवून उभी राहिली. बातमी झकास होती. फक्त शेवटचं वाक्य असं होतं: ‘शेवटच्या मिनिटाला घोळक्यात चेंडूला हात लागला आणि चेंडू जाळ्यात गेला.’

बाईंनी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. रोजचा प्रश्न ओठांपर्यंत आला, आणि बाईंनी तो गिळला. उद्या सत्कार होता. सरपंचांनी मांडव सांगितला होता, हेडसरांनी भाषण पाठ केलं होतं. पंचांनी पाहिलं नाही, टेकवाडीने तक्रार केली नाही. ते एक वाक्य खोडलं असतं तर कुणाला कळणार होतं? बाईंनी लाल पेन उचललं. खरं सांगायचं तर ते वाक्य खोडायलाच उचललं.

“बाई,” भागी हळूच म्हणाली, “आज इचारत न्हाईसा?”

“काय?”

“कर्ता कुठाय म्हणून.”

बाईंचं पेन हवेतच राहिलं. काही महिन्यांपूर्वीचं स्वतःचं वाक्य त्यांच्या कानात वाजलं. त्यालाही कर्ता नव्हता. त्यांचा चेहरा शाई सांडलेल्या साडीसारखा लाल झाला.

“भागी,” बाई म्हणाल्या, “आधी माझं एक वाक्य दुरुस्त करायचं राहिलंय. तुमचा बॉल फुटला नव्हता. तो मी फोडला. कर्कटकाने फोडला.”

भागीने खाली पाहिलं. “ठावं हुतं बाई. भोक लई बारीक हुतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमीच कवातरी सांगशिला म्हणून.”

बाईंना एकदम रडू आलं आणि हसूही आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वही भागीकडे सरकवली. “हा प्रश्न मी तुला विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “तूच स्वतःला विचार. जे लिहिशील ते फळ्यावर लागेल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन.”

भागीने बराच वेळ पेन्सिल चावली. मग तिने ते वाक्य खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं.

पहाटे डेअरीवर गावाने वाचलं: ‘शेवटच्या मिनिटाला भागीने चेंडू हाताने जाळ्यात ढकलला.’ फळ्याच्या एका बाजूला भागी उभी होती आणि दुसऱ्या बाजूला मुळीकबाई. किटल्या जमिनीवर टेकल्या. हेडसर धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अहो बाई, पुसा ते! गावाची लाज जाईल!”

“नाही पुसणार, सर,” बाई म्हणाल्या. “तिने वाक्य पूर्ण लिहिलंय.”

बापू खोत माप खाली ठेवून पुढे आले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून बातमी वाचली. एकोणीस वर्षांपूर्वी शेवटची ढाल त्यांनीच शिकवलेल्या पोरांनी आणली होती. मग भागीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “सर, वाक्य बरोबर हाय. चुकून आलीया ती ढाल. ती पुसा.”

मग काय, सत्काराचा मांडव राहिला बाजूला आणि ढाल घेऊन सातवीचा वर्ग निघाला टेकवाडीला. पुढे भागी, मागे बाई, आणि हलगीवाले बोलावलेलेच होते म्हणून तेही वाजवत निघाले. टेकवाडीची पोरं आधी बावचळली. मग त्यांच्या कॅप्टन पोरीने भागीच्या हातात हात दिला आणि ती म्हणाली, “असली ढाल फुकट नको आमाला. पुन्यांदा खेळू.” पंचांना विचारलं, तर त्यांनीही मान डोलावली.

पुढच्या रविवारी दोन्ही गावं मैदानावर लोटली. असा सामना कुणी पाहिला नव्हता. वाघवळणकडून भागीने उडी मारून बॉलवर डोकं घातलं आणि बॉल जाळ्यात गेला. तेव्हा दोन्ही गावांची पोरं एका सुरात ओरडली, “डोक्यानंऽऽ!” पंच हसता हसता शिट्टी वाजवायची विसरले. टेकवाडीने मात्र दोन गोल मारले. ढाल टेकवाडीला गेली. जाताना तिथल्या गुरुजींनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या त्या वह्या जरा बघायला मिळतील का?”

सोमवारी सकाळी वर्गाच्या टेबलावर एक कोरा करकरीत बॉल होता. त्याला चिठ्ठी लावलेली होती: ‘जुना मी फोडला. नवा मी आणला. शैलजा मुळीक.’ वर्गाने चिठ्ठी दोनदा वाचली. दोन्ही वाक्यांत कर्ता जागेवर असल्याची खात्री करून घेतली, आणि मगच बॉल घेऊन ती सारी मैदानाकडे पळाली.

आणि डेअरीच्या फळ्यावर बातमी होती: ‘टेकवाडीने वाघवळणला दोन-एक असे हरवले. भागीने डोक्याने एक गोल केला. मजा आली.’ ती वाचून बापूंनी इक्बालला हाक मारली. “का रं, ‘ने’ आणि ‘ला’ पुन्यांदा उलटंपालटं झालं न्हाई न्हवं?”

“न्हाई आजोबा,” इक्बाल म्हणाला, “ह्या बारीला अगदी बरोबर हाय.”

“मग हरकत न्हाई,” बापू म्हणाले. चहा समोर आला होता. या वेळी त्यांनी तो परत पाठवला नाही. बशीत ओतून फुर्रकन प्यायले आणि आणखी एक मागवला.

तात्पर्य: मुलांचं मन जिथे रमतं तिथूनच त्यांना भाषा शिकवायला घ्यावी, आणि जो आपल्या चुकीच्या वाक्यात स्वतःचं नाव लिहितो, त्याला हरतानाही मान खाली घालावी लागत नाही.