डालग्याखालचं पिल्लू

कवडी कोंबडीचं कोणी खरं मानलं नाही, तेव्हाची ही गोष्ट. "माझं पिल्लू मान टाकतंय, बघा तरी," म्हणत ती खुराडाभर फिरली. तुरेराव कोंबडा म्हणाला, "कवडे, तुझं रोजचंच रडगाणं."

मग तुरेराव स्वतःच शिंकायला लागला, तेव्हा धावाधाव झाली. गुरांच्या दवाखान्यात वाढलेल्या पोपटाला बोलावलं.

"क्वारंटाइन करा," पोपट म्हणाला. "म्हणजे आजाऱ्याला वेगळं ठेवायचं, त्याचं दाणापाणी बघायचं, अन् बरा झाला की परत घ्यायचा."

त्यातलं पहिलं तेवढं सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. तुरेरावाला वेगळं ठेवायची कुणाची छाती? पिल्लू तेवढं डालग्याखाली कोंडलं. कवडी चोचीत पाणी घेऊन गेली, तर "क्वारंटाइन आहे, कळत नाही का?" म्हणत तिला टोचून टोचून हाकललं. इंग्रजी शब्दापुढे आईचं काय चालतं? आतली चिवचिव थांबेपर्यंत ती लांबूनच ऐकत बसली.

डालगं उचललं, तेव्हा मेलेल्या पिल्लाची चोच पाण्यासाठी उघडीच होती.

"दुखणं आधी कळतं तर वाचलं असतं," तुरेराव म्हणाला. "वेळेवर सांगायचं कुणी?"

"आईनं," सगळ्या कोंबड्या म्हणाल्या. "कवडीनं."