कधीच बंद न पडणारं कनेक्शन

"…मग कधीच बंद न पडणारं कनेक्शन कुणाचं, एवढंच सांगा अक्का."

गोदाक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मकरंद त्यांचा जुना विद्यार्थी. गणितात पैकीच्या पैकी घेणारा, आता बेंगळुरूत मोठ्या हुद्द्यावर. वडील गेल्यापासून आई इथं एकटी. रोज संध्याकाळी ती पडद्यावर दिसावी, म्हणून जाण्याआधी त्याला घरी इंटरनेट बसवायचं होतं.

"तू ठरवलं असशीलच की."

ठरवलेलंच होतं. मोठ्या पगाराची माणसं ठरवून झाल्यावरच विचारायला येतात.

"मोठ्या कंपनीचं घेतोय. बिघडलं तरी ते लांबूनच दुरुस्त करतात, घरी कुणाला यावं लागत नाही. पण आई म्हणाली, अक्कांना विचार. तुमच्याकडे कुणाचं आहे?"

"इनूसचं. आपल्या पेठेतला. स्वतःच वायरी ओढतो, स्वतःच जोडतो."

"एकट्या माणसाचा धंदा. त्याचा काय भरवसा?"

अक्कांनी मूठभर दाणे सुपात टाकले.

"तुमच्याकडे काळा फोन होता, आठवतो? मुका झाला की लाइनमन बाबर यायचे. खांबावर चढायचे, उतरायचे, मग ओसरीवर चहा. कुणाकडे पाळणा हलला, कुणाची म्हैस व्याली, सगळं तुझ्या आईला त्यांच्याकडून कळायचं. फोनवरून नाही."

"ते दिवस गेले, अक्का."

"गेले…"

"आता आईकडे दिवसदिवस कुणी फिरकत नाही. म्हणून तर लाइन पक्की हवी."

अक्का उठल्या. भिंतीवरच्या बॉक्सची वायर त्यांनी सरळ उपसून काढली. हिरवा दिवा लाल झाला. मग फोन लावला.

"इनूस, गेलं रे."

"अक्का, हे काय करताय?"

"बस. शेंगा सोल."

सूप निम्मं झालं तेव्हा दारात स्कूटर थांबली. इनूस आत आला. लोंबणाऱ्या वायरीकडे त्यानं पाहिलं, मग अक्कांकडे.

"उंदीर फार माजलेत तुमच्याकडे."

"जुनं घर आहे. असायचेच."

त्यानं वायर खोचली, पण निघाला नाही. खाली बसून मूठभर शेंगा ओढून घेतल्या. अक्कांचा गुडघा कसा आहे ते विचारलं. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं. अक्कांनी चहा टाकला. दोघं कुणाच्या तरी लग्नातल्या फसलेल्या जिलेबीवरून पोट धरून हसले. मकरंदला त्यातलं एकही माणूस माहीत नव्हतं.

स्कूटर गेली. मकरंद बराच वेळ दाराकडे बघत राहिला…

"इनूसचंच घेतो," तो म्हणाला. मग हळूच, "पण अक्का, त्याचं कधी बंदच पडलं नाही तर?"

अक्कांनी टरफलं पदरातून झटकली.

"तुझ्या आईला दाखवून ठेवते, कुठली वायर काढायची ते."