जानू ढेबेची गोधडी

फार वर्षांपूर्वी, असंच सगळे सुरू करतात, म्हणून मीही तसंच करतो. फार वर्षांपूर्वी खांडवळच्या पठारावर जानू ढेबे नावाचा एक माणूस होता, आणि त्याने मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी उभी केली. वर्षं मोजायला बसलात तर फार भरणार नाहीत. जानू माझा थोरला भाऊ. पण माणूस एकदा गोष्टीत गेला की वर्षं भराभरा मागे पडतात, आणि सख्ख्या भावालाही मग लोक सांगतात तशीच गोष्ट सांगावी लागते.

खांडवळ उंच पठारावर आहे. खाली घाटरस्ता आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये म्हशींनी पाडलेली एक वाट. पूर्वी कुणी आजारी पडलं की त्याला घोंगडीच्या झोळीत घालायचे, झोळी बांबूला बांधायचे आणि खांदे बदलत खाली रस्त्यापर्यंत न्यायचे. वाटेत कावळकड्याचं वळण लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे झोळी खाली ठेवायची आणि म्होरक्याने आत वाकून बघायचं. श्वास असला तर पुढे खाली. नसला तर झोळी तिथूनच फिरवायची आणि वर न्यायची. म्हणून आमच्याकडे माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. झोळी फिरली, म्हणतात.

आमच्या बापाची झोळी तिथेच फिरली. पुढच्या खांद्याला जानू होता. म्होरक्या वाकला, उठला, आणि त्याने हाताने फिरवायची खूण केली. जानूने झोळीत हात घातला आणि म्हणाला, "थांबा. अजून ऊब हाय."

म्होरक्या म्हणाला, "ऊब घोंगडीची हाय, पोरा."

त्या दिवशी जानू बापाला वर घेऊन आला, माती दिली, आणि दिवस झाल्यावर खालच्या पेठेत एका गॅरेजात जाऊन राहिला. असं म्हणतात की तो तिथे कुणाशी बोलला नाही, फक्त लोखंडाशी बोलला. हे खोटं आहे. तो खूप बोलायचा, गॅरेजवाल्याशी भांडायचाही. पण परत आला तेव्हा त्याच्याकडे पान्यांची एक पिशवी होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती. कावळकड्यावरून झोळी पुन्हा फिरू द्यायची नाही.

गाडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि विकत मिळणारी गाडी त्या वाटेवर चढलीही नसती. पण घाटरस्त्याखालच्या दरीत गाड्या होत्या. वर्षानुवर्षं पडलेल्या. जीप, ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो, लाकडाची लॉरी. वेली चढलेल्या, टपात पाणी साठलेलं. त्यांना कुणी हात लावत नसे. दरीतलं लोखंड घरात आणलं तर त्यातला माणूस मागोमाग येतो, असं म्हणतात.

जानू म्हणाला, "येऊ दे की. माणसं लागणारच हायत."

पण चोरून आणलं नाही त्याने. दरीत पडलेल्या प्रत्येक गाडीत कोण होतं ते त्याने शोधून काढलं आणि त्यांच्या घरी गेला. दारात बसायचा, पाणी प्यायचा आणि लोखंड मागायचा. आणि एक शब्द द्यायचा. तुमच्या माणसाने मागितलं, स्वप्नात येऊन मागितलं, तरी त्याच दिवशी खोलून परत देईन. या शब्दावरच लोकांनी दिलं. हाच शब्द पुढे त्याला खाली घेऊन गेला.

ट्रॅक्टरवाल्या पोराच्या आईने विचारलं, "काय नेतोस माझ्या लेकाचं?"

"मागची दोन चाकं, काकू."

"ने. त्याला फिरायची लई हौस."

लोखंड सोडण्याआधी जानू दरीत जागा झाडायचा, पाणी शिंपडायचा, त्या माणसाचं नाव घ्यायचा आणि त्यालाही विचारायचा. दुधाच्या टेम्पोचा सांगाडा आणला. लॉरीचा गियर आणला. जीपचं इंजिन आणायचं होतं तेव्हा ते कुणाला उचलेना, म्हणून जानूने झोळीचा बांबू काढला आणि घोंगडीत इंजिन घातलं. सगळं गाव खांदे बदलत होतं. झोळी खालून वर आली आणि कुणी रडलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. इंजिन अंगणात ठेवलं तेव्हा आमच्या आईने, काशीने, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

एका गाडीचं दुसऱ्या गाडीला बसत नसे. भोकं जुळत नसत. जानू घासून, ठोकून, मध्ये पट्ट्या घालून जुळवायचा. लॉरीच्या दात्यांना जीपचा दांडा बसवताना त्याचं बोट चिरडलं, ते कायमचं वाकडं राहिलं. गाडीचा एक दिवा पिवळा होता आणि एक पांढरा. एक दार निळं, दुसरं नव्हतंच. चारही चाकांना इंजिनाची ओढ होती, पण पुढची चाकं लहान आणि मागची मोठी, त्यामुळे गाडी उभी असली तरी वाटे की कुणाला तरी वाकून नमस्कार करते आहे.

कोंडीआबा नावाचे म्हातारे होते, ते रोज काठी टेकत येऊन बघायचे. एकदा म्हणाले, "जान्या, ही गाडी हाय का गोधडी? एक ठिगळ दुसऱ्याला वळखत न्हाई."

जानू गाडीखालूनच म्हणाला, "गोधडीतबी मेलेल्यांचीच लुगडी असत्यात, आबा. ऊब देती का न्हाई?"

तेव्हापासून गाडीचं नाव गोधडी पडलं.

सगळं जमलं, फक्त ब्रेक राहिला. ब्रेक ठकूबाईकडे होता. ठकूबाईचा नवरा बाबू मरगळे आमच्याच गावचा. घाटात दुसरी एक जीप चालवायचा आणि घाटातच गेला. असं म्हणतात की त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाय ब्रेकच्या पायडलवरून निघत नव्हता, इतका त्याने दाबून धरला होता. ते पायडल आणि त्यामागचा पंप एवढंच ठकूबाईने घरी आणून ठेवलं होतं, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. पायडलवरचं रबर त्याच्या टाचेने झिजलेलं होतं. जानू तिच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊन बसला. शेवटी ती म्हणाली, "त्याचा पाय हाय त्यो. जपून ठेव."

मग गोधडी चालू झाली. निघताना जानू ज्यांचं ज्यांचं लोखंड गाडीत होतं त्या सगळ्यांची नावं घ्यायचा आणि म्हणायचा, चला. असं म्हणतात की ती शेळीला चढता येत नाही तिथे चढायची. असं म्हणतात की धुक्यात वाट दिसत नसली की तिचा पिवळा दिवा आपोआप वळणाकडे वळायचा, आणि जीप जिथे पडली होती ती जागा खाली दिसू लागली की हॉर्न कुणी न दाबता वाजायचा. हॉर्नची तार उघडी होती, धक्का बसला की वाजायची. पण तिने माणसं खाली नेली हे खरं. ताप आलेली, पडलेली, अडलेली, म्हशीने मारलेली. कावळकड्यावर आता कुणी थांबेना. बांबू आढ्याला बांधला गेला आणि त्याच्यावर चिमण्यांनी घरटं केलं.

आणि मग बाबू मरगळे ठकूबाईच्या स्वप्नात आला.

तो एका पायावर उभा होता, असं ती सांगते. म्हणाला, "ठके, दुसरा पाय कशावर ठेवू?" पुन्हा आला, पुन्हा तेच. ठकूबाईचं अन्न तुटलं. एका सकाळी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिला तोंड वर करवेना.

"जानू, तो मागतोय."

जानू हात पुसत बाहेर आला. कोंडीआबा तिथेच होते. ते म्हणाले, "अगं बाई, गाडी हाय ती. ब्रेक काढून कशी चालंल? दुसरा मिळूस्तवर तरी थांब."

पण जानू पाने घेऊन खाली वाकला होता. म्हणाला, "आबा, एकाला न्हाई म्हटलं तर बाकीच्यांनी कशावर इस्वास ठेवायचा? उद्या पेठेतून दुसरा आणतो. एक दीस गाडी बसंल."

त्याने पायडल पंपासकट खोललं, धुतलं, आणि दोन्ही हातांनी तिच्या पदरात घातलं. हातब्रेक तर गोधडीला कधी नव्हताच. ठकूबाई तशीच डोहावर गेली, हळदकुंकू वाहिलं आणि लोखंड खोल पाण्यात सोडलं. नवऱ्याचा पाय नवऱ्याला पोचला म्हणून तिला त्या दुपारी डोळा लागला.

तिची मुलगी चंपा गवत कापायला गेली होती. गवतात फुरसं होतं. पायाला चावलं.

मी त्या दिवशी गुरं घेऊन पल्याडच्या रानात होतो. पुढचं मला ठकूबाईने सांगितलेलं आहे, आणि गाडीतलं सांगू शकेल अशी ती एकच आहे, चंपाला काही आठवत नाही.

पोरीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. बांबू सोडायला कुणी तरी आढ्यावर चढलंसुद्धा. झोळीने न्यायचं म्हणजे संध्याकाळ होणार होती, आणि संध्याकाळपर्यंत ती राहणार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. जानूने एक ओंडका आणला, मोठा, ओला, आणि दोराने गाडीच्या मागे बांधला. उतारावर जुनी माणसं बैलगाडीला बांधायची तसा. म्हणाला, पहिल्या गियरात घालतो, ओंडका मागं धरंल, हळूहळू जाऊ. आई म्हणाली, "जानू, ब्रेक न्हाई रे." तो म्हणाला, "आये, झोळी फिरवू का?"

आईने वाट सोडली.

चंपा आणि ठकूबाई डोंगराच्या अंगाला बसल्या, जिथे दार नव्हतं. त्याने नावं घेतली. ठकूबाईने ऐकलं, त्यात बाबू मरगळेचं नाव नव्हतं. गाडी ओंडका ओढत निघाली आणि खरंच हळू चालली, माणसाच्या चालीने. कावळकड्याच्या अलीकडे दोर दगडावर घासून तुटला. गाडी जराशी पुढे झेपावली, आणि लॉरीचा तो जुना गियर निसटला.

असं म्हणतात की तेव्हा जानूने दरीतल्या सगळ्यांना नावानिशी हाक मारली आणि ते सगळे वर आले. ट्रॅक्टरवाल्याने चाक धरलं, दूधवाल्याने सांगाडा धरला, आणि गाडी वळणावर उभी राहिली, एक श्वास घेण्याइतकी. असं म्हणतात की जानूने स्वतःचा पाय बाहेर काढून खडकावर रोवला, आणि खडकात टाच उमटली. ती खूण मी पाहिली आहे. लोखंड घासल्याची खूण आहे. आई तिथे हळद लावते. हळदीची वाटी मी धरतो.

ठकूबाई सांगते की त्याने गाडी डोंगराला घासली. दगडमातीत चाक अडलं, गाडी क्षणभर अडखळली, आणि त्याने दोघींना दार नसलेल्या बाजूने ढकललं. चंपाला आधी. "उतर" एवढंच म्हणाला, जसं रोज खाली पोचल्यावर म्हणायचा. मग गोधडी दरीत गेली. हॉर्न वाजत होता. पार खाली जाईपर्यंत वाजत होता.

ठकूबाईने पोरीला पाठीवर घेतलं आणि धावत रस्ता गाठला. कुणाची तरी जीप मिळाली. चंपा जगली. पाय लंगडा राहिला.

जानूला आम्ही वर आणलं. चिमण्यांचं घरटं काढून बांबू सोडला. पुढच्या खांद्याला मी होतो. कावळकड्यावर लोकांनी रिवाजाप्रमाणे झोळी खाली ठेवली, तर मी ओरडलो, थांबू नका. बघायचं काय आहे त्यात.

गोधडी दरीत पडून राहिली. तिच्या लोखंडाला कुणी हात लावेना, कारण ते आता आमच्या घरचं होतं आणि मागायला कुणाची जीभ उचलेना. पठारावर पुन्हा झोळी सुरू झाली. त्या हिवाळ्यात कोंडीआबांची झोळी फिरली.

उन्हाळ्यात डोह आटला तेव्हा ठकूबाई चिखलात उतरली. किती दिवस चाचपत होती कोण जाणे. एके सकाळी आमच्या दारात आली आणि ते गंजलेलं पायडल उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"काशी, घे. आता तो मागायचा न्हाई. म्या सांगितलंय त्याला."

मी ते उचललं आणि अंगणाबाहेर भिरकावलं. तिच्या अंगावर धावून गेलो. म्हणालो, "तुझा नवरा एका पायावर उभा होता, माझा भाऊ कशावर उभा हाय ते बघून आलीस का?" ती हलली नाही. मारलं असतं तर तिने मार खाल्ला असता.

आई उठली. कुंपणाकडे गेली, पायडल शोधून काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"जा," म्हणाली. "तुझ्या भावाला इचारून ये."

मी दरीत उतरलो. दादा करायचा तसं केलं. जागा झाडली, पाणी शिंपडलं, नाव घेतलं, आणि विचारलं, "दादा, लोखंड नेऊ का?" असं म्हणतात की तेव्हा हॉर्न वाजला. वाजला नाही. मी ऊन कलेपर्यंत बसून होतो. पानसुद्धा हललं नाही. मग मी पाना घेतला आणि पहिला नट सोडला.

आता पठारावर जी गाडी आहे ती तीच. पेठेतल्या गॅरेजवाल्याने वर येऊन माझ्याबरोबर ती उभी केली. आजही या भागात कुणाची गाडी घाटात गेली की घरचे एक तरी सुटा भाग खांडवळला आणून देतात, आणि देताना चारचौघांत मोठ्याने म्हणतात, मागणार नाही. कावळकडा आला की सगळे खाली उतरतात, आजारी माणूस तेवढा गाडीत राहतो. उतरलेले लोक नावं घेतात. ट्रॅक्टरवाल्याचं, दूधवाल्याचं, बाबू मरगळेचं. काठीवर रेललेली चंपा असली तर शेवटचं नाव ती घेते. जानू ढेबे. मग चालवणाऱ्याने वाकून ब्रेकच्या पायडलला हात लावायचा, आपण पायांना लावतो तसा, हात कपाळाला न्यायचा, आणि मगच त्याच्यावर पाय ठेवायचा.

असं म्हणतात की ते पायडल अजून कोमट लागतं.

गाडी मीच चालवतो. ऊब इंजिनाची असते, ते मला कळतं. तरी मी हात लगेच काढत नाही.