दादाचा आवाज लांब ठेवला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव भिवा. बाकीचं गाव शहाणं होतं. इतकं शहाणं, की भिवाचा दादा आजारी होता तेव्हा कुणी घराकडे फिरकलं नाही आणि तेराव्याला पंगतीत जागा पुरली नाही.

दादा पोरांसाठी गोष्टी सांगायचा. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून आपल्या वेबसाइटवर टाकायचा. ती वेबसाइट आणि सगळ्या फाइली घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच होत्या, आणि कॉम्प्युटर आता घरघरायला लागला होता.

आई म्हणाली, "भिवा, हा बंद पडला तर माझ्या लेकाचा आवाजही जाईल रे."

भिवा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रंगरावाकडे गेला.

"फाइली घरात ठेवू नकोस," रंगराव म्हणाला. "लांबच्या सर्व्हरवर ठेव."

"किती लांब?"

"जितकं लांब तितकं बरं."

भिवाने कॉम्प्युटर चादरीत बांधला. एसटीत बसला. सगळ्यात लांब राहणाऱ्या मावशीकडे नेऊन ठेवला. मावशीने त्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

रंगरावाने कपाळ बडवलं. "अरे, उचलून न्यायचं नसतं! बसल्या जागेवरून तारेने पाठवायचं. जा, घेऊन ये परत."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

कॉम्प्युटर घरी आला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मामाला शेतात भाकरी पोचव." भिवाने भाकरीचं फडकं टेलिफोनच्या तारेला बांधलं आणि खाली बसून राहिला. भाकरी पोचली. कावळ्यांना.

मामा उपाशीपोटी ओरडला, रंगराव पोट धरून हसला. "एवढं मोठं गाठोडं तारेवर? पाठवायचं ते आधी दाबून लहान करायचं असतं, राजा!"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

मग आईने मावशीसाठी पापड दिले. भिवाने ते डब्यात घातले आणि वरून पाय देऊन दाबले. चांगले लहान झाले. मावशीने ते चमच्याने खाल्ले.

शेवटी रंगराव स्वतःच येऊन बसला. फाइली दाबल्या, पाठवल्या, लांबच्या सर्व्हरवर पोचल्या. "पासवर्ड तुझा तू टाक," म्हणून त्याने तोंड फिरवलं. भिवाने टाकला.

"आता हा मालकाशिवाय कुणालाही सांगायचा नाही."

"मालक कोण?"

"ज्याच्या गोष्टी तो मालक. एवढीही अक्कल नाही?"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

थोड्याच दिवसांत घरचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. पण आता काळजी कसली?

वर्षश्राद्धाला सगळं शहाणं गाव जमलं. जेवण होतं ना. रंगरावाने आपला लॅपटॉप उघडला. आई पुढे सरकून बसली.

"भिवा, पासवर्ड टाक."

"नाही."

"अरे, मला सांगू नको. यात टाक."

"मग लॅपटॉपला कळेल ना! तो कुठे मालक आहे?"

"मागे टाकला होतास की!"

"तेव्हा नियम ठाऊक नव्हता."

"टाक रे बाळा," आई म्हणाली. "एकदा ऐकू दे त्याचा आवाज."

भिवाने आईकडे पाहिलं. मग तो उठला आणि भिंतीवरच्या दादाच्या फोटोपाशी गेला. हार बाजूला सारला, कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ पुटपुटला. परत येऊन आईशेजारी मांडी घालून बसला.

"मालकाला सांगितलं," तो म्हणाला. "आता तोच उघडेल."

सगळं शहाणं गाव लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिलं. कुणीतरी खाकरलं, तसा भिवा चिडला.

"जरा दम धरा की! त्याला लांबून यायचंय."