अस्वलाची मोटार आणि साळिंदराचे बिल

मुलांनो, मोटारीचा शौक फक्त माणसांनाच असतो, असे समजू नका. एका डोंगराळ जंगलात एक अस्वल राहत असे आणि त्याच्याकडे चक्क एक जुनी मोटार होती. घाबरून पळालेल्या कुणा शिकाऱ्याने ती मागे टाकली होती आणि आजोबांच्या काळापासून ती अस्वलाच्या घराण्यात होती. अस्वल तिला रोज पुसत असे. तिच्यावर फुलपाखरू बसलेलेही त्याला खपत नसे. अशी ही लाडकी मोटार एके दिवशी चढणीवर खोकली, तिने काळा धूर सोडला आणि ती थांबली ती थांबलीच.

यंत्रे दुरुस्त करण्यात शेजारच्या साळिंदराचा हातखंडा होता, म्हणून अस्वलाने मोटार ढकलत त्याच्याकडे नेली. साळिंदराने इंजिनाला कान लावला आणि ते म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल, दादा."

"किती होतील?" अस्वलाने विचारले.

"खोलल्याशिवाय काय सांगणार? घरचंच काम आहे, होऊन जाईल."

पुन्हा विचारणे अस्वलाला बरे दिसेना. दोन गाडगी मध पुरेल, असा हिशेब त्याने मनातल्या मनात करून टाकला. मनातल्या हिशेबाची हीच तर सोय असते, तिथे हरकत घ्यायला कोणी नसते.

मग अस्वल रोज संध्याकाळी काम बघायला जाऊ लागले. तिथे गेले की त्याला राहवत नसे. "आता खोललंच आहे, तर पिस्टनही नवे टाक," ते एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता एवढं केलंच आहेस, तर पंपही बदलून टाक." साळिंदर मान डोलवून "बदलतो, दादा" म्हणे आणि पुन्हा कामाला लागे. आकडा ना याने विचारला, ना त्याने सांगितला.

काम संपले आणि साळिंदराने सागाच्या पानावर बिल लिहून दिले. अस्वलाने ते वाचले. पान उलटे तर धरले नाही ना, म्हणून फिरवून पुन्हा वाचले. तीस गाडगी मध! अस्वल मटकन खाली बसले. त्याच्या घरात सगळी मिळून तीसच गाडगी होती आणि तीही पिल्लांना पावसाळाभर पुरावीत म्हणून साठवलेली.

"तीस?" ते ओरडले. "अरे, हे इंजिनाचं बिल आहे की अख्ख्या जंगलाचं? तू मला लुबाडलंस."

"मी कुणाला लुबाडत नाही," साळिंदर काटे फुलवून म्हणाले. "मध द्या, नाहीतर गाडी इथेच राहील."

भांडण वाढले, तेव्हा दोघे जंगलातले तंटे सोडवणाऱ्या म्हाताऱ्या गव्याकडे गेले. गव्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि तो साळिंदराला म्हणाला, "काढलेले जुने भाग दाखव."

जुने भाग निघायचेच नाहीत, असे अस्वलाला वाटत होते. पण साळिंदराने झिजलेले पिस्टन, तडा गेलेला पंप, एकेक करून सगळे समोर मांडले.

"एवढं सगळं बदलायला सांगितलं कोणी?" गव्याने विचारले.

साळिंदराने हुबेहूब अस्वलाचा आवाज काढला, "आता खोललंच आहे, तर..."

ते ऐकून अस्वलाला बिलापेक्षाही मोठा धक्का बसला. शब्द त्याचेच होते. त्याने मान खाली घातली.

मग गवा साळिंदराकडे वळला. "रोज ऐकत होतास ना? 'दादा, याचे एवढे होतील,' असं एकदा तरी म्हणालास?"

"घरच्या माणसाला कसं सांगायचं, काका? वाईट दिसतं."

"आणि आता चाललंय ते बरं दिसतं?"

साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले.

गव्याने निवाडा दिला. नव्या भागांपुरता मध अस्वलाने द्यायचा आणि मजुरी साळिंदराने सोडायची. साळिंदराची महिन्याची मेहनत पाण्यात गेली. अस्वलाची वीस गाडगी गेली आणि पिल्लांच्या पावसाळ्याला दहाच उरली. दोघांनाही वाईट वाटले, पण दोघांनीही ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशी साळिंदराच्या दारात पिल्लांना मागे बसवून अस्वलाने मोटार सुरू केली. इंजिन अगदी गोड आवाजात गुरगुरू लागले.

"बाबा, कुठे जायचं?" पिल्लांनी विचारले.

"मध शोधायला," अस्वल म्हणाले. एवढ्यात त्याची नजर पुढच्या फुटक्या दिव्याकडे गेली आणि जुनी सवय जिभेवर आली. "आता गाडी इथे आहेच, तर..." ते म्हणाले आणि थबकले. मग त्याने साळिंदराला सावकाश विचारले, "आधी सांग, किती होतील?"

साळिंदर क्षणभर अवघडले. मग त्याने स्पष्ट सांगितले, "पाच गाडगी, दादा."

अस्वलाचे डोळे पांढरे झाले. "राहू दे," ते म्हणाले आणि मोटार घेऊन निघून गेले. धक्का याही वेळी बसलाच, पण या वेळी मध मात्र घरात राहिला.

तात्पर्य : काम सुरू होण्याआधी जो आकडा विचारायला आणि सांगायला संकोच वाटतो, तोच काम संपल्यावर भांडण होऊन समोर येतो.