उंचवडीला पाणी कसं आलं नाही

उंचवडी नावाच्या एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. गावात बाकी सगळे हुशार होते, त्यामुळे गावाचं एकही काम होत नसे.

गाव टेकाडावर, नदी पायथ्याला. पुरुष नदीवर पोहायला उतरत, बायका पाण्याला. म्हाळूचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको गिरजा दारातच पाण्याचा आड असलेल्या घरातली. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढताना तिला रोज एकच गोष्ट आठवायची. स्थळ बघायला आलेल्या तिच्या माणसांनी घर बघितलं, शेत बघितलं, म्हशीचे दातसुद्धा बघितले. चढ काही कुणी बघितला नाही. नवी नवरी म्हणून ती बोलत नसे. बघत मात्र सगळं असे.

तालुक्याच्या गावी शिरसोडे प्रतिष्ठान होतं. तेलाच्या गिरण्यांवर गब्बर झालेलं घराणं. कुठं शाळेची खोली, कुठं एसटीचा थांबा, कुठं पाण्याची टाकी बांधून द्यायचं. नदीकाठी पंप, टेकाडावर टाकी आणि टाकीला नळ, एवढं उंचवडीला हवं होतं. अर्ज टपालानं गेला होता. आता पाठपुराव्याला माणूस हवा होता.

चावडीत बैठक बसली. सरपंच बळवंततात्या म्हणाले, म्हाळू जाईल, मोठ्या माणसांना साधा माणूस आवडतो. खरी गोष्ट अशी, की नकार आला तर नाक कुणाचं कापायचं हा प्रश्न होता, आणि म्हाळूला नाक आहे हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हे बघ म्हाळ्या," तात्यांनी समजावलं, "आपली गरज त्यांच्या डोळ्यांना दिसली पाहिजे."

म्हाळूनं घरभर फाटका सदरा शोधला. सापडेना, म्हणून धड होता तो फाडला. तो लग्नातला होता. प्रतिष्ठानच्या फाटकापाशी पोचला तर तिथं भिकाऱ्यांची पंगत बसलेली. वाढप्यानं म्हाळूकडं एकवार बघितलं आणि पुढ्यात पत्रावळ टाकली. म्हाळूनं अर्धी खिचडी खाल्ली, अर्धी तात्यांसाठी धडप्यात बांधून आणली. वर सांगितलं, की गरज अशी दिसली, अशी दिसली, की तोंड उघडायचीसुद्धा पाळी आली नाही.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "लेका, भिकाऱ्यात बसतात होय? ताठ मानेनं जायचं. म्हणायचं, आम्हाला भीक नको."

"असं होय?" म्हाळू म्हणाला. "मग आधी सांगायचं की."

गिरजानं सदऱ्याच्या चिंध्यांचं पोतेरं केलं.

पुढच्या खेपेला म्हाळू मान ताठ करून गेला. प्रतिष्ठानचे व्यवस्थापक कुळथे म्हणून होते. त्या दिवशी ते खुशीत होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि टाकी नक्की कुठं हवी म्हणून आपणहून विचारलं.

"आम्हाला भीक नको," म्हाळू म्हणाला.

कुळथ्यांनी चहा परत पाठवला. म्हाळू उठला. मान ताठ ठेवायची होती, त्यामुळे दाराची चौकट आपटली तरी त्यानं मान वाकवली नाही. कपाळावर टेंगूळ घेऊन तो टेकाड चढून आला.

"देणाऱ्याला नाही म्हणतात का रे?" तात्या करवादले. "ते देतील ते घ्यायचं. वर म्हणायचं, येऊ द्या आणखी."

"असं होय? मग आधी सांगायचं की."

तिसऱ्या खेपेला कुळथ्यांना मागचा अपमान आठवत होता. म्हाळू दारात दिसला आणि त्यांनी द्यायला सुरुवात केली. उंचवडी झाली, उंचवडीचे पंच झाले, म्हाळूच्या वाडवडिलांपर्यंत गाडी गेली. म्हाळू हात जोडून सगळं घेत होता. कुळथे दम खायला थांबले तसा तो अदबीनं म्हणाला, "येऊ द्या आणखी."

मग आणखी आलं. शेवटी घसा बसला तेव्हा कुळथे म्हणाले, की अर्जावर अजून काही ठरलेलं नाही, आणि त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायानं म्हाळूला रस्त्यापर्यंत पोचवलं. त्यालाही म्हाळू म्हणालाच, येऊ द्या आणखी.

गिरजानं सुजलेल्या दंडाला हळद लावली. तात्या ओट्यावर बसून बोलले. ज्यांना जायचं नसतं त्यांना सल्ला फार सुचतो.

"'अजून' म्हणाले ना? मग ते 'नाही' म्हणालेच नाहीत. मोठ्या माणसाच्या तोंडून 'अजून' आलं, की हात जोडायचे आणि म्हणायचं, काही हरकत नाही, आम्ही थांबू. थांबणारा माणूस त्यांना फार आवडतो."

"असं होय? मग आधी सांगायचं की."

आणि नवल असं, की हे लागू पडलं. कुळथे म्हणाले, मालक भाऊसाहेब अजून जेवतायत. काही हरकत नाही, आम्ही थांबू. भाऊसाहेब अजून निजलेत. काही हरकत नाही, आम्ही थांबू. भाऊसाहेब झोप काढून बाहेर आले, तर ओसरीत हात जोडलेला माणूस. त्यांना गहिवरून आलं. असा नम्र माणूस ज्या गावात आहे ते गाव आपण स्वतः बघू, तिथंच टाकी जाहीर करू, असं त्यांनी सांगून टाकलं.

ते आत गेल्यावर कुळथ्यांनी म्हाळूला बाजूला घेतलं. आजवर सगळीकडं भाऊसाहेबांच्या वडिलांचं नाव लागलं होतं. या खेपेला भाऊसाहेबांना स्वतःचं हवं होतं, पण ते तोंडानं म्हणायचे नाहीत. तेव्हा गावानंच पाटी तयार ठेवावी. प्रतिष्ठाननं बांधलेली पिंपळदऱ्याची टाकी बघून यावी, आणि सगळं तसंच करावं.

"नाव तेवढं बदला," कुळथे म्हणाले.

गावानं तात्यांचा सत्कार केला. म्हाळूनं सतरंजी घातली. त्या दिवशी गिरजाला हंडा हलका लागला.

म्हाळू पिंपळदऱ्याला गेला. तिथं त्या दिवशी भाऊसाहेबांचे वडील अण्णासाहेब यांची पुण्यतिथी चालली होती. म्हाळूनं डोळे भरून सगळं बघितलं, येताना बाजारातून पाटी रंगवून घेतली आणि घरात भिंतीला टेकवली. केर काढताना गिरजानं ती वाचली. 'कै. भाऊसाहेब शिरसोडे यांच्या पुण्यस्मरणार्थ.'

तिनं केरसुणी खाली ठेवली. "अहो, हे 'कै.' कशाला?"

"पिंपळदऱ्याला आहे."

"ते वडिलांचं. ते कैलासवासी झालेत. हे गाडीत बसून यायचेत."

म्हाळूनं विचार केला. "नाव तेवढं बदला म्हणाले. ते बदललं. बाकीचं बदलायला आपण कोण?"

गिरजानं सासूला सांगितलं, सासूनं सासऱ्यांना, सासऱ्यांनी चावडीत तात्यांना. तात्यांनी जागचं न हलता निकाल दिला आणि तो त्याच पायऱ्यांनी खाली आला. मोठ्या माणसाच्या नावाआधी तसं असतंच, मानाचं असतं. आणि नव्या सुनेनं पाण्याचं बघावं.

गिरजानं हंडा उचलला आणि पाण्याचं बघायला गेली.

भाऊसाहेब आले त्या दिवशी टाकीच्या जागी मांडव होता. इस्त्रीच्या टोप्या घालून पंच पुढं उभे. भाऊसाहेब गाडीतून उतरले. तांबूस गाल, हातभर हसू. ते मांडवात शिरतात तोच म्हाळूनं खणखणीत आवाजात सांगितलं, की सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

गाव उभं राहिलं. सरपंचांनी मान खाली घातली, म्हणून पंचांनी घातली. भाऊसाहेबांनीही घातली, आणि हळूच कुळथ्यांना विचारलं, "कोण गेलं?"

कुळथे समोर बघत होते. भाऊसाहेबांनी वर बघितलं. समोर प्रतिष्ठानच्या कॅलेंडरातून कापलेला त्यांचाच फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढं तेवती समई, आणि वर पाटी. कळशी कमरेवर घेऊन बायकांत उभ्या असलेल्या गिरजाला दिसलं, की तात्याही ती पाटी आत्ता पहिल्यांदाच वाचतायत, ओठ हलवत, एकेक अक्षर. ओठ हलायचे थांबले तसे तात्या हळूहळू मागच्या रांगेत गेले.

भाऊसाहेबांनी पाटीकडं बोट दाखवलं. "अरे, मी अजून जिवंत आहे."

'अजून' म्हटल्याबरोबर म्हाळूचा चेहरा उजळला. या शब्दाला काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं. तो पुढं झाला, त्यानं हात जोडले आणि ज्या नम्रपणानं भाऊसाहेबांना एकदा गहिवर आला होता त्याच नम्रपणानं म्हणाला,

"काही हरकत नाही, भाऊसाहेब. आम्ही थांबू."