सुट्टीवरचे चार प्रश्न

"सूनबाईला इंग्रजीचा क्लास कशाला? तिला साधा प्रश्न विचारता येत नाही," मामंजी ह्यांना सांगत होते. मी दाराआड होते.

संध्याकाळी या निवृत्त हेडमास्तरांनी मला अटच घातली, "आमच्या महाबळेश्वरच्या सुट्टीबद्दल इंग्रजीत चार प्रश्न विचार. जमलं तर क्लास."

"व्हेअर डिड यू स्टे?"

"खोली घेतली होती. स्टोव्ह घरूनच नेला."

"हू कुक्ड?"

"तुझ्या सासूबाई. दोन्ही वेळा, ताजं."

"व्हॉट डिड सासूबाई सी?"

मामंजी आठवत बसले. तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "ओन्ली वॉल."

चाळीस वर्षांत त्यांचं इंग्रजी कोणी ऐकलं नव्हतं.

चौथा प्रश्न उरला होता. "मामंजी, डिड सासूबाई गेट अ हॉलिडे?"